रंगाचे कारागीर



कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने कातडीच्या रंगावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रात्री. या विषयाकडे आम्हांला नेले ते रबराच्या कारखान्यातल्या एका गड्याच्या हातांनी. त्याच्या हातांवर पांढरे डाग उठले. वरिष्ठ म्हणाले, ‘कोड आहे, घराण्यातलेच असणार.’ शेजाऱ्यांनीही तेच धरले आणि त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. कोड संसर्गाने पसरत नाही, एवढेही कोणी म्हटले नाही. आम्हीदेखील गप्प बसलो. रंग म्हणजे काय, हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, म्हणून आपल्या घरांतून फोडी पाण्यात टाकतात. कातडीत चालतो तो व्यवहार याच जातीचा. प्रथिनांत टायरोसीन नावाचे द्रव्य असते. टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे डोपाक्विनोन करते आणि पुढे पायरीपायरीने काळे-तपकिरी मेलॅनिन बनते. वाटेत गंधकयुक्त सिस्टीन भेटले, तर तांबूस-पिवळी जात निघते. मधली द्रव्ये जहाल असतात; म्हणून हे काम पेशीतल्या बंद पिशव्यांत चालते. जहाल कामाला आडभिंत हवी, हे निसर्गाला कारखानदारांच्या कितीतरी आधी कळले म्हणायचे!

हे काम करणारी एकेक पेशी आपल्या फांद्यांनी आसपासच्या तीसपस्तीस पेशींना भरलेल्या पिशव्या पुरविते. तेथे मेलॅनिन केंद्रकावर छत्रीसारखे बसते, उन्हातले अतिनील किरण शोषते आणि त्यांची उष्णता करून टाकते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या कारागीर पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो पिशव्यांच्या आकाराने, त्यांतल्या मालाने आणि तो माल किती टिकतो त्याने. वधूवरांच्या जाहिरातींतला सारा गोरेपणा एवढ्यावर उभा आहे!

आता त्या गड्याकडे येऊ. 1939 साली अमेरिकेतल्या एका चामडे कमावण्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कितीतरी कामगारांचे हात पांढरे पडले. शोध घेता दोष निघाला तो रबर टिकावे म्हणून मोज्यांत घातलेल्या हायड्रोक्विनोनच्या मोनोबेंझिल ईथरचा. या द्रव्याचा सांगाडा टायरोसीनशी मिळताजुळता. विकर फसते, त्याला कच्चा माल समजून उचलते; जे बनते ते पेशीलाच बाधते, आणि शरीराची संरक्षक यंत्रणाही मग आपल्याच कारागिरावर उलटते. डाग कधीकधी मोज्याच्या कडेपलीकडे पसरतात. हीच मेख वैऱ्याच्या कामाची.

ही फसवणूक कारखान्यातच होते असे नाही. 2013 साली जपानमध्ये रंग उजळविणारी प्रसाधने परत मागवावी लागली. त्यांतल्या रोडोडेंड्रॉलने हजारो लोकांच्या अंगावर पांढरे डाग उठविले होते. आपल्याकडे टिकलीच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉलने कपाळावर नेमका टिकलीएवढा डाग पडल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदले आहे. काही कोडांत घराण्याचा वाटा असतो, हे नाकारीत नाही. पण डाग दिसताच हातात काय होते हे विचारायचे सोडून कुळ विचारायचे, ही कोणती रीत?

एवढे वाचून आम्ही पुन्हा त्या कारखान्यात गेलो. पिंपांवर नुसते आकडे होते. द्रव्याचे नाव मिळवायला दोन महिने लागले. ते त्याच वर्गातले निघाले. गड्याला दुसऱ्या खात्यात बदलून घेतले. नव्या कारागीर पेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून वर येतात, त्यामुळे मनगटाकडचा रंग वर्षभरात बराचसा परतला. बोटांच्या टोकांना केस नसतात. ती अजून पांढरीच आहेत. मुलीचे लग्न पुढे झाले, पण त्या घरी नाही.