मठ्ठ कोण?



दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. मग एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि पाच वर्षांच्या पोरास विचारा, जास्त कोठे? बहुधा ते म्हणेल, 'बाटलीत!' तेवढ्यावरून कोणी त्यास मठ्ठ म्हणतो, कोणी पाठीत धपाटा घालतो. शेवटी 'याच्या कपाळी विद्या नाही' म्हणून पोर गुरांमागे जाते.

आम्ही विचारतो, यात पोराचा गुन्हा काय? स्वित्झर्लंडचे विद्वान झां पियाजे यांनी आलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली ग्रंथ लिहून दाखविले की, या वयात मूल एका वेळी एकच गोष्ट धरते. उंची दिसते, रुंदी सुटते. पुढे सातव्या-आठव्या वर्षी बहुतेकांस ही समज येते. ती छडीने येत नाही. वस्तू हाताळून येते. १९६९ साली मेक्सिको देशातील मुलांची अशीच पारख प्रसिद्ध झाली. तेथे गोळा लांबविला तरी माती तेवढीच राहते, हे कुंभारांची मुले इतरांपेक्षा चांगले ओळखीत. ज्या हातांना अडाणी म्हणून हिणविले, तेच हात लेकरांचे गुरू ठरले!

म्हणून आमचे सांगणे एवढेच: पोर चुकले तर मारू नका. 'तुला असे का वाटले?' असे विचारा. तांब्या, मापटे, माती त्याच्या हाती द्या. आणि शाळेतून त्याचे नाव काढू नका.