एक बैठक, अनेक ताल



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी ड्रमसेट हा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ड्रम आला आणि हलगी गेली, ही खंत आपल्या सीमाभागात वारंवार ऐकू येते. तिचा थोडा विचार व्हावा, एवढाच हेतू.

पूर्वी लष्करी बँडमध्ये मोठा ढोल, लहान ड्रम आणि झांजा निरनिराळे वादक वाजवीत. पायाने ढोल वाजविण्याची सोय झाली आणि ही वाद्ये एका वादकाच्या हाती आली. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ साली जलद चालणारे पेडल काढले, तेव्हा ही मांडणी स्थिरावली. एकाच वादकाच्या कमरेला संबळाची जोडी पाहणाऱ्या आपणांस ही कल्पना परकी नाही.

हे वाद्य सर्व शैलींत कसे सामावते? लहान ड्रमच्या तळाशी तारा असतात. खटका लावला की आवाज कडक होतो, सोडला की तोच ड्रम मृदू घुमतो. जॅझमध्ये ताल झांजेवर चालतो आणि पायढोल पुष्कळदा १८ इंची असतो. रॉकमध्ये तो २२ इंची घेतात व जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. काडीऐवजी तारांचा ब्रश घेतला, तर हळुवार गाण्यालाही साथ होते. मात्र डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट ड्रमला सहज साधत नाही.

ही उणीव बेळगावात जन्मलेल्या गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी भरून काढली. तबल्यावर तयार झालेल्या या वादकाने तबला ड्रमच्या शेजारी मांडला, जमिनीलगत बैठक घेतली, पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून नाद काढले. १९८८ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत मातोश्रींचा स्वरही आहे.

यातून एक गोष्ट ध्यानी येते. ड्रम बहुगुणी ठरला, कारण त्याला मिरवणूक, नृत्यगृह, चित्रपट अशा प्रत्येक ठिकाणी बसायला जागा मिळाली. हलगीही विस्तवावर शेकून सुरात आणतात. तिच्यातही काठाचा आणि मध्याचा नाद वेगळा असतो. परंतु तिच्या वादकाला आपण मांडवाबाहेर उभे केले. हलगी ड्रममुळे मागे पडली, असे म्हणण्यापूर्वी आपण हे आठवावे.

शाळेने ड्रमसेट अवश्य घ्यावा. मात्र त्याच खोलीत हलगी असावी, आणि ती शिकविणाऱ्यास गुरुजी म्हणून खुर्ची द्यावी. गुरुजींच्या स्मृतीस माझे हेच अभिवादन.