दुधाच्या कॅनमधला इतिहास
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



परदेशात काय पाहिले ते सांगा, असा तुम्ही आग्रह केलात, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्याची सवय नाही, सांभाळून घ्यावे.

मी लेकीकडे पोलंडला गेले होते. त्यांच्या राजधानीत, वॉर्सात, आपल्या कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. त्याची ही आठवण. ती पाहून ऊर भरून आला. मग लेक म्हणाली, "आई, ज्यांना कुठेच आसरा मिळाला नाही, त्यांचेही पाहूया." तिने मला ज्यू इतिहास संस्थेच्या संग्रहालयात नेले.

तिथे पाहते तो काय, दुधाचा कॅन! रोज सकाळ-संध्याकाळ संघाला दूध घालणाऱ्या आपल्याला त्याचे काय नवल? पण त्याची हकिगत ऐका.

१९४० साली नाझींनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. चार लाखांहून अधिक माणसे तिथे उपासमारीत होती. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने गुपचूप काही मंडळी जमवली. ती शनिवारी भेटत, म्हणून गटाचे नाव 'शनिवारचा आनंद'. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

या मंडळींनी रोजनिश्या, पत्रे, मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागदसुद्धा जपले. १९४२ साली काही कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि १९४३ साली काही दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरले. त्यांच्यात राहेल आउअरबाख नावाची बाई होती. ती भुकेल्यांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघर चालवी आणि तिथे येणाऱ्यांविषयी लिहून ठेवी. साऱ्या गटातली तिघेच वाचली, त्यांत दोघी बाया. युद्धानंतर हे कागद शोधा, असा राहेलबाईंनी ध्यास घेतला. पेट्या १९४६ साली निघाल्या, त्यांत पाणी शिरले होते. कॅन १९५० साली निघाले. त्यांतले कागद पुष्कळच चांगले राहिले होते.

भगिनींनो, त्या कॅनसमोर मी मान खाली घातली. मी चिटणीस असताना एका दिवाळीच्या साफसफाईत मंडळाच्या पहिल्या वर्षांची दप्तरे रद्दीत घातली. वाळवी लागली आहे, कोण वाचणार, असे म्हटले. आलेल्या पैशांत हळदीकुंकवाची साखर आणली. आता या स्मरणिकेसाठी पहिल्या सभासदांची यादी हवी झाली, तर पाच जणींची नावे कोणालाच आठवेनात. अमक्याची सासू, तमक्याची काकू, एवढेच उरले.

त्यांच्या संकटाशी आपली तुलना नाही. पण त्यांनी जीव धोक्यात घालून कागद राखले, आणि मी साखरेसाठी विकले, हे खरे.

म्हणून एक विनंती. घरातल्या थोरल्या बायकांना विचारा. नाव, माहेर, त्यांनी मंडळात काय केले, ते मुलींकडून लिहून घ्या. घरचा एक कॅन घासून आणला आहे. झाकण घट्ट बसते. त्यात पहिला कागद माझ्या कबुलीचा घालते. दुसरा तुम्ही आणा.