भूकंपानंतरचं बोलणं



आपल्या मानसशास्त्राच्या वर्गांत लिऑन फेस्टिंगर शिकवले जातात ते स्टॅनफर्डच्या प्रयोगापासून. तासभर खुंट्या फिरवण्यासारखं रटाळ काम. मग ‘काम मजेचं आहे’ असं पुढच्याला सांगण्यासाठी कुणाला १ डॉलर, कुणाला २०. आणि १ डॉलरवाल्यांनाच ते काम खरोखर बरं वाटू लागलं. १९५९ चा हा प्रयोग विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. त्यामागचा संज्ञानात्मक विसंगतीचा सिद्धान्त (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात, की माणूस त्या जुळवून घेतो) मात्र बिहारमधल्या अफवांवरून सुचला, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

१५ जानेवारी १९३४ ला भरदुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. त्यानंतर लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा पाटण्याच्या जमुना प्रसादांनी टिपून घेतल्या आणि १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यांवर लेख लिहिला. पाटण्यावर वादळ येणार. नेपाळच्या सीमेवरून पूर मधुबनीकडे निघालाय. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा धक्का बसणार. असं बोलत होते ते मुख्यतः ज्यांना धक्का जाणवला, पण ज्यांच्या आसपास पडझड झाली नव्हती, असे लोक.

फेस्टिंगर १९५१ च्या सुमारास मिनेसोटात हा लेख वाचताना इथेच अडले. भ्यालेल्या माणसाला धीराचे शब्द हवे असतात, असं आपण धरून चालतो. मग ही माणसं स्वतःलाच आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवत होती? भीती अंगात शिरली होती, पण डोळ्यांसमोर तिला कारण नव्हतं. अफवेनं ते पुरवलं. १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हांनी नोंदवलेल्या बोलण्यांत पुढच्या संकटांच्या अशा वावड्या आढळल्या नाहीत. तिथे ढिगारे समोरच होते.

२०२४ मध्ये १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी या सिद्धान्ताचा एक गाजलेला प्रयोगप्रकार पुन्हा करून पाहिला. न पटणाऱ्या मताच्या बाजूनं निबंध लिहायला लावला की माणसाचं मत थोडं सरकतं, हे दिसलं. पण लिहायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, असं सांगितल्यानं विसंगती अधिक बोचून जो फरक पडायला हवा होता, तो पडला नाही. हा सिद्धान्ताच्या मर्मावरच घाव आहे. प्रयोगशाळेतला आधार असा डळमळीत झाल्यावर प्रसादांच्या नोंदींचं मोल मला अधिकच वाटतं.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, धक्क्यांचं सत्र सुरू झालं. मोठा विध्वंस नाही, तरी लोक ऐन थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपत होते. प्रसादांनी जी परिस्थिती पाहिली, तिच्याशी हिचं फार साम्य आहे. अशा वेळी लोकांना सांगितलं जातं, ‘घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका.’ भीती तर आधीच आलेली असते. त्यापेक्षा जमीन का हलते, घराची कुठली भिंत कच्ची आहे, रात्री कुठे झोपावं, हे नीट समजावलं तर अफवेची गरजच कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज तपासायचा तर तिथला वारली आदिवासी आपल्या वारली बोलीत काय बोलला, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं लागेल. पुस्तकी मराठीतल्या प्रश्नावलीत पाचांतल्या एका पर्यायावर खूण करून घेतली, तर ते हाती लागणार नाही. प्रबंधांना मान्यता देणाऱ्या समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नैतिक मान्यतेचे कागद आधीच तयार ठेवा, विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाची तजवीज करा, आणि धक्का बसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गावात पोचू द्या. सहा महिन्यांनी गेलं तर लोकांना त्या बोलण्यातलं फारसं काही आठवत नसतं.