सुट्या चाकाची कसोटी

मोटारीच्या ज्यादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतों. हें नांव वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आलें. तेथें टॉमस मॉरिस डेव्हिस यांनीं १९०४ सालीं आऱ्यांवांचून केवळ धांव व तीवर हवा भरलेला टायर, अशी जोड काढली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळावयाची. युक्ति सोपी, पण भार चाकाच्या एका अंगास पडे. तेवढ्यावर घर गांठावें, लांबचा पल्ला नव्हे.

१९०६ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्यें फेरेन्स सीस याची रेनो मिशेलिनच्या सुट्या धांवांमुळें पुढें राहिली व जिंकली. टायर जागेवर कापून काढण्याची यातायात वांचली. तथापि अनेक नट सोडावे लागतच.

१९०८ च्या सुमारास रज-व्हिटवर्थचें, जॉन प्यू यांचें, तारांच्या आऱ्यांचें चाक आलें. एकच मोठा नट फिरविला कीं अख्खें चाक तुंब्यावरून निघे. गति देण्याचा जोर मात्र तुंब्यावरील दात्यांवर. नटानें फक्त धरून ठेवावयाचें.

माझ्या मतें कसोटी हीच. लवकर सुटणें हा चाकाचा गुण खरा. पण धांवतांना न सुटणें हा त्याहून मोठा, कारण त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.