निवृत्त बसगाड्यांचं काय करायचं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



या वयात लोक नातवंडांत रमतात. मी भंगारात निघालेल्या बसगाड्यांत रमतो. त्यावरून तुम्ही सकाळपासून माझी यथेच्छ चेष्टा केलीत. आता माइक माझ्या हातात आहे, तेव्हा दहा मिनिटं सोसा.

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. डबलडेकर आली १९३७ साली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा सुमारे नऊशे गाड्या होत्या. जुन्या पद्धतीची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत, आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावली. लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. काहींचे डोळे पाणावले.

त्या गाड्या चालूच ठेवायला हव्या होत्या, असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षं झाली की बस मोडीत निघते, हा नियम आहे. शिवाय एका डबलडेकरला एक चालक आणि दोन कंडक्टर लागत. तो खर्च परवडेना. आता वातानुकूलित, विजेवर चालणाऱ्या दुमजली गाड्या आल्या आहेत. त्यांतूनही मी हौसेने फिरतो.

माझी काळजी वेगळी आहे. एखादी गाडी रंगवून, धुऊनपुसून उभी करता येईल. पण ती चालायची कशी, हे पत्र्यात लिहिलेलं नसतं. घंटेचा एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. ऐन गर्दीत, डुलत्या जिन्यावर तोल सांभाळत, वरचा कंडक्टर सुटे पैसे मोजून तिकीट पंच करायचा. कुठला प्रवासी कुठे उतरणार, हे त्याच्या डोक्यात असायचं. हे सगळं माणसांजवळ होतं. ती माणसं निवृत्त झाली. त्यांतली बरीच आज हयातही नाहीत.

आणि ही माणसं कुणी परकी नव्हेत. आपल्या वर्गातल्या कितीजणांचे वडील, काका, मामा बेस्टमध्ये होते! पहाटेच्या पाळीचा डबा आणि खाकी गणवेश तुम्ही घरात पाहिला आहे. त्यांचा बिल्ला, तिकिटाची पत्र्याची पेटी, पंच अजून कुणाच्या तरी माळ्यावर असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देऊ नका. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे विचारून पाहा. द्यायचं नसेल तर घरीच ठेवा, पण सोबत एक चिठ्ठी ठेवा : हे कुणाचं, आगार कुठलं, मार्ग कोणता, साल कोणतं. चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती नुसतं पितळ लागेल.

ज्यांचे वडील आज नव्वदीत आहेत, त्यांनी तर या रविवारीच मोबाइल समोर ठेवावा आणि त्यांना बोलतं करावं. प्रश्न सुचत नसतील तर मला फोन करा. मी घरी येतो. चहा मात्र द्यावा लागेल!