गाव सोडावे केव्हा?

समुद्रकाठच्या लोकांना वादळाची वर्दी येते, तेव्हा त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. घर सोडून जावे, की दार लावून आत बसावे? आपला आदिलाबादचा मुलूख समुद्रापासून फार दूर आहे. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस प्राणहिता व दक्षिणेस गोदावरी अशा नद्यांचा त्याला वेढा, आणि मध्ये साग-बांबूची राने व निर्मळच्या डोंगररांगा. येथे लाटा घरात शिरत नाहीत. तरीसुद्धा हा प्रश्न या मुलखाला परका आहे असे कोणी समजू नये. बंगालच्या उपसागरात आषाढात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते ओडिशा व छत्तीसगढ ओलांडून पश्चिमेकडे सरकते आणि आपल्या डोंगरांवर रिते होते. समुद्राचे वादळ आपल्याकडे येते ते असे, पाऊस होऊन आणि नदीच्या वाटेने.

या वाटेचे नाव पुष्कळदा कडेम नदी असे असते. कुंतलाचा धबधबा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तो याच नदीवर आहे. डोंगरउताराने धावत येणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते, आणि त्यापूर्वी तिला कडेम प्रकल्पाच्या धरणाने अडविलेले आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हापासून हे धरण निर्मळ जिल्ह्यात मोडते. त्याच्या कालव्यांवर हजारो एकर धान पिकते. ज्या धरणाने खालच्या गावांना भात दिला, त्याच धरणाने त्यांना गाव सोडण्याचा प्रश्नही दिला.

या धरणाचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. ते बांधून होते न होते तोच, ऑगस्ट १९५८ मध्ये, नदीला सेकंदाला सुमारे १४,७०० घनमीटर, म्हणजे पाच लाख क्युसेकांहून अधिक पाणी आले. धरणाचा माथा पाण्यापासून २.४ मीटर उंच राहील असा हिशेब ठेवलेला होता. तो हिशेब बुडाला. पाणी माथ्यावरून सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीने वाहिले आणि डाव्या तीरावर १३७ मीटर रुंदीचे खिंडार पडले. उजव्या अंगालाही बांध दोन ठिकाणी फुटला. मातीच्या बांधाचा धर्मच असा आहे की तो पोटाशी आलेले पाणी वर्षानुवर्षे तोलून धरील, परंतु डोक्यावरून गेलेले पाणी त्याला फार वेळ सोसवत नाही. एकदा माती वाहू लागली, की लहानशा ओघळीचे भगदाड व्हायला वेळ लागत नाही.

धरणाची पुन्हा उभारणी झाली. आज त्याच्या सांडव्याला १८ दरवाजे असून ते सर्व उघडले तर सुमारे तीन लाख क्युसेक पाणी बाहेर जाऊ शकते. आता जुलै २०२२ मधील प्रसंग पाहा. दिवसचे दिवस पाऊस लागून राहिला होता. धरणात येणारे पाणी वाढत वाढत पाच लाख क्युसेकांच्या वर गेले. १८ पैकी एक दरवाजा उघडेना. येणे पाच लाख आणि जाणे तीन लाखांच्या आत, असा तो जमाखर्च होता. दोन लाख क्युसेकांची ही तूट एक तास टिकली, तर ७२ कोटी घनफूट पाणी धरणात अधिक साठते. संपूर्ण जलाशयाचा साठा साडेसात अब्ज घनफुटांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका तासाचे मोल कळून येईल. १३ जुलै रोजी खालच्या अंगाची सुमारे डझनभर गावे रिकामी करण्यात आली. माणसे उंचावरच्या सुरक्षित जागी हलविली गेली आणि सगळ्यांचे डोळे धरणाकडे लागले.

धरण टिकले. पाऊस ओसरला, आवक उतरली, आणि लोक आपापल्या घरी परतले. आज मला जे बोलावयाचे आहे, ते या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते.

धरण फुटले असते, तर गाव सोडणे शहाणपणाचे ठरले असते, याबद्दल वाद नाही. पण धरण फुटले नाही. मग ज्यांनी भर पावसात म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन गाव सोडले, ते फसले काय? आणि जे कुणाचेही न ऐकता घरातच थांबले असतील, ते शहाणे ठरले काय? गावच्या पारावर हा वाद पुढे पुष्कळ दिवस चालतो. कोणी म्हणतो, “सरकारी माणसे भित्री, उगाच धावाधाव करवली.” कोणी म्हणतो, “पुढच्या खेपेला मी काही हलणार नाही.” दुसऱ्याचे हे बोलणे मला अधिक धोक्याचे वाटते. एका पुराने धरणाचा दरवाजा अडतो, तसे एका टळलेल्या संकटाने माणसाचे मन अडून बसते.

सूचनेचा खरेखोटेपणा परिणामावरून ठरवू नये, असे माझे म्हणणे आहे. ज्या घटकेला सूचना दिली गेली, त्या घटकेला कोणत्या गोष्टी माहीत होत्या, त्यावरून तो ठरवावा. येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याहून कितीतरी अधिक होते, दरवाजा अडलेला होता, पाऊस थांबण्याचे चिन्ह नव्हते, आणि जवळजवळ तेवढ्याच पुराने हेच धरण १९५८ साली फोडले होते. एवढे ठाऊक असताना जो गाव रिकामे करणार नाही, त्याला शूर कोण म्हणेल? बैलगाडी घाटात उतरताना आपण चाकाखाली दगड लावतो. गाडी घसरली नाही म्हणून दगड व्यर्थ गेला असे कोणी म्हणत नाही.

तथापि, जे घर सोडावयास तयार होत नाहीत त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे, हेही न्यायाचे नव्हे. त्यांच्या बाजूने थोडा विचार करून पाहू. जुलैचा मध्य म्हणजे पेरणी नुकतीच आटोपलेली असते. बियाण्यासाठी आणि खतासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असते. दावणीला बैलजोडी असते आणि एखादी गाभण गाय असते. माणसांना नेण्यासाठी ट्रॅक्टर येतो, गुरांना कोण नेणार? घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा असतो, तो म्हणतो, “मरायचे तर इथेच मरू द्या.” कोंबड्या असतात, धान्याची कणगी असते, जमिनीचे कागद असतात. ज्याच्या घरी मोटार आहे आणि शहरात नातेवाईक आहेत, त्याला गाव सोडणे म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम. ज्याचे सर्वस्व दावणीला बांधलेले आहे, त्याला ती अर्ध्या संसारावर पाणी सोडण्याची तयारी असते. म्हणून “लोक ऐकत नाहीत” असे म्हणण्यापूर्वी, त्यांना काय सोडून यावयास आपण सांगतो आहोत, याचा हिशेब सांगणाऱ्याने केला पाहिजे.

किनाऱ्यावरच्या राज्यांनी हा हिशेब मोठी किंमत देऊन शिकून घेतला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवीसीमा भागात समुद्राची लाट शिरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाने जवळजवळ तेवढीच माणसे गमावली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्याजवळ पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि कोणी कुणाला हाक मारावयाची हे आधी ठरवून ठेवले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलविले गेले, आणि त्या राज्यातील मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वारा काही दयाळू झालेला नव्हता. माणसे वेळेवर वाटेतून दूर झाली होती. आपल्या कोकणानेही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला उतरताना, साथीच्या दिवसांत, किनाऱ्यावरची हजारो माणसे हलविली.

परंतु समुद्राचे वादळ आणि डोंगरातील नदी यांत एक मोठा भेद आहे. वादळ उपसागरात जन्मास आल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत बहुधा काही दिवस जातात, आणि वेधशाळा त्याची वाट आखून दाखवू शकते. कडेमसारख्या नदीला एवढा अवधी नसतो. रात्री डोंगरात कोसळलेला पाऊस सकाळी धरणाच्या दाराशी असतो. दिवसांचा प्रश्न येथे तासांवर येतो. म्हणूनच ज्याला तासांत ठरवावयाचे आहे, त्याने आपला विचार उन्हाळ्यातच करून ठेवला पाहिजे.

मराठी माणसाला यासाठी दूरचे उदाहरण नको. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. आदल्या दिवसापासून सैन्याचे जवान वाळूची पोती रचून धरण वाचविण्याची शर्थ करीत होते. म्हणजे संकट कोणाला ठाऊकच नव्हते असे नाही. पण नदीकाठच्या पेठांतील सामान्य पुणेकराला, ऊठ आणि उंचावर जा, असे वेळेवर व स्पष्ट शब्दांत सांगितले गेले नाही. पाणी दिवसा आले म्हणून पुष्कळांना पळता तरी आले. कडेमच्या खालची गावे २०२२ साली रिकामी झाली आणि धरण टिकले, पुण्याच्या पेठा भरलेल्या राहिल्या आणि धरण फुटले. या दोन प्रसंगांपैकी कोणता आपल्या वाट्यास यावा, असे विचारले तर उत्तर देण्यास कोणालाही क्षणाचाही विलंब लागू नये.

आता सांगणाऱ्यांच्या कर्तव्याविषयी. सूचना लोकांच्या बोलीत असली पाहिजे. आपल्या मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू अशा कितीतरी भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. “अमुक लाख क्युसेक विसर्ग” हे शब्द कचेरीला पुरेसे असतील, घरधनिणीला पुरेसे नाहीत. “मारुतीच्या देवळाच्या पायरीपर्यंत पाणी येईल, दिवेलागणीपूर्वी शाळेवर चला,” हे तिला कळते. माणसांबरोबर गुरांसाठीही उंचावर जागा आणि कडबा ठेवावा, म्हणजे निम्मे हट्ट आपोआप सुटतील. आणि लोक परतल्यावर, काय झाले असते व काय टळले, हे अधिकाऱ्यांनी गावात येऊन सांगावे. ज्या सूचनेचा शेवट समजावून सांगितला जात नाही, तिची पुढची खेप बहिऱ्या कानांवर पडते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. जुलै २०२३ मध्ये कडेमला पुन्हा सांडव्याच्या क्षमतेहून अधिक पाणी आले, आणि पुन्हा काही दरवाजे उघडले नाहीत. पुन्हा खालच्या गावांच्या जिवाला घोर लागला. एक वर्षाच्या अंतराने तोच प्रसंग आला, तर त्याला केवळ निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. पाऊस आपल्या हाती नाही, दरवाजा, त्याची साखळी आणि त्याचे तेलपाणी आपल्या हाती आहे. लोकांनी गाव सोडावे, हे सांगण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने गाव सोडावे लागू नये म्हणून आपले काम आधी केलेले आहे. गावे रिकामी करणे हा दुरुस्तीला पर्याय होऊ लागला, तर लोक एक दिवस उठावयाचे थांबतील, आणि तो दोष त्यांचा एकट्याचा असणार नाही.

तरीही, श्रोतेहो, अंधाऱ्या रात्री दवंडी येईल तेव्हा कोणाची चूक किती, हे मोजीत बसू नये. तो हिशेब जिवंत राहिलेल्या माणसानेच मागावयाचा असतो. जमिनीचे कागद, औषधे आणि थोडे कोरडे अन्न पावसाळाभर एका पिशवीत बांधून ठेवावे. गुरांच्या दाव्याची गाठ सहज सुटेल अशी मारावी, आणि नेणे साधले नाही तर निदान त्यांना मोकळे करावे. शेजारच्या घरात एकटी राहणारी म्हातारी कोणाच्या हाताला धरून निघेल, हे आजच ठरवावे. आणि चार दिवसांनी परतल्यावर घर जसेच्या तसे उभे दिसले, तर आपण उगाच गेलो असे म्हणू नये. घर उभे आहे आणि त्यात जावयास आपणही आहोत, एवढ्यासाठीच आपण गेलो होतो.